चि. टँक यास खुले पत्र

मुक्काम शेंडी, भंडारदरा
वैशाख, भर दुपार

चि. टँक यास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, तू इंग्रजीत जाऊन साहेब झालास आणि घरी फिरकेनासा झालास.

घर म्हणजे रतनगड. तिथे कातळात खोदलेलं, भर उन्हातही गार पाणी देणारं जे टाकं आहे ना, ते तुझं घराणं. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर उतरले. गुजराती 'टांकुं' आणि आपलं 'टाकं' त्यांच्या कानी पडलं, अन् त्यांनी तुला गलबतात घातलं. पोर्तुगीजही तुझ्यावर हक्क सांगतात, त्यांच्याकडे तळ्याला 'तांके' म्हणतात. कोशकारांचं हे भांडण अजून मिटलेलं नाही. आम्ही म्हणतो, दोन्ही आजोळी लाड झाले की पोर असंच उंडारतं. तुझ्या मानाने ती पोढी गरीब. जुन्नर-कान्हेरीच्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. ती कुठे गेली नाही, काही झाली नाही, जागच्या जागी विसरली गेली.

तू मात्र दिसेल ते पाणी बळकावलंस. आमच्याकडे हौद वेगळा, बारव वेगळी, तळं वेगळं. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाजवळची पुष्करणी तर देवाघरची. साहेबाने या सगळ्यांना एकच नाव लावलं: टँक. आणि 1926 साली पुरं झालेल्या आमच्या भंडारदरा धरणामागे अकरा टीएमसी पाणी साठलं, तेव्हा तुझी आठवण कुणालाच झाली नाही. भिंतीला गव्हर्नर विल्सनचं नाव, पाण्याला 'आर्थर लेक'. एवढं मोठं टाकं हातचं गेलं की रे!

पण तुझा खरा चाळा 1915 सालचा. विलायतेत गुपचूप एक लोखंडी गाडा बनत होता. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून पाणी वाहायचं काहीतरी आहे असं सांगायचं ठरलं. 'सिस्टर्न', 'रिझर्व्हॉयर' अशी नावं पुढे आली आणि शेवटी टिळा लागला तुझ्या कपाळी. 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या रणांगणावर तू तोफा डागत बाहेर पडलास. ज्याच्या घराण्याने जन्मभर तहान भागवली, त्याने हा धंदा करावा? तोही पाण्याचं सोंग घेऊन! लढाई संपली, गुपित फुटलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आम्ही लाजेकाजेस्तव तुला 'रणगाडा' म्हणतो. आपल्याच जिल्ह्यात, नगरला, तुझं अख्खं संग्रहालय आहे. 1994 पासून देशोदेशीचे तुझे भाऊबंद तिथे रांगेत उभे आहेत. पोरं त्यांच्यापुढे फोटो काढतात. त्यांचा मूळपुरुष असलेलं टाकं याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला डोंगरावर आहे, हे कुणी सांगत नाही.

पुढचे उद्योग किती सांगावेत! अमेरिकेत पोहण्याच्या हौदालाही तुझंच नाव, त्यावरून पोहायच्या कपड्यांना, आणि त्यांवरून बिनबाह्यांच्या बंडीला 'टँक टॉप'. आमचे आजोबा तीच घालून नांगरायचे, त्यांना फॅशन ठाऊक नव्हती. 'थिंक टँक' म्हणजे आधी नुसतं डोकं, आता दिल्लीतलं एसी ऑफिस. भाव कोसळले तरी म्हणे बाजार 'टँक' झाला. आम्ही तरी कुठे धड आहोत म्हणा. कापडाला टाका, जात्याला टाकी, मोटारसायकललाही टाकी. टंकलेखनातल्या टंकात आणि तुझ्यात फक्त एका अर्धचंद्राचं अंतर. हे पत्र टंकताना बोट दोनदा चुकलं.

आता मुद्द्याचं. धरणाचं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यावर जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांत. ऊस हिरवागार. वरच्या वाड्यांवर मात्र धरण उशाला आणि कोरड घशाला. त्यामुळे उन्हाळ्यात तू आमच्याकडे येतोस तो शेपटीला 'र' लावून, डिझेलचा धूर सोडत, चाकांवर. हेच तुझं माहेरपण. उतरत नाहीस, बसत नाहीस, पाइप सोडतोस आणि निघतोस.

इतरांस यथायोग्य. रतनगडाचं टाकं बरं आहे, गाळ तेवढा साचलाय.

तुझा,
एक पाणक्या

ता. क. : वाडीवर कालपासून हंड्यांची रांग लागली आहे. येताना नेमका कोणत्या अर्थाने येणार, तेवढं कळव.