मिनेसोटा की विस्कॉन्सिन : निवासनिश्चितीची शास्त्रोक्त पद्धत

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या सख्ख्या शेजारी राज्यांपैकी कोठे बिऱ्हाड थाटावे, हा प्रश्न पडलेला साधक प्रथम एक्सेलचा तक्ता मांडतो. हा साधक बहुधा नवरा असतो, आणि निर्णय बहुधा शेजारच्या खोलीत आधीच झालेला असतो.

थंडीचा रकाना वगळावा. फेब्रुवारी १९९६ मध्ये मिनेसोटातील टॉवर येथे उणे ५१ अंश सेल्सिअस आणि दोन दिवसांनी विस्कॉन्सिनमधील कुडरे येथे उणे ४८ अंशांची नोंद झाली. या तीन अंशांच्या भरवशावर ज्याला घर घ्यायचे असेल त्याने खुशाल घ्यावे. गॅरेज मात्र घराला जोडलेलेच हवे.

सरोवरांच्या बाबतीत गणनापद्धतीचा विचार अपरिहार्य ठरतो. मिनेसोटा आपल्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर दहा हजार सरोवरे मिरवते, आणि किमान दहा एकरांचा निकष लावला तरी ती ११,८४२ भरतात. विस्कॉन्सिन सुमारे १५,००० सांगते, परंतु त्यांत निनावी डबक्यांचीही भरती असते. सरोवरकाठचे घर जानेवारीत पाहू नये, कारण तेव्हा समोर केवळ पांढरे मैदान आणि त्यावर खोपटी थाटून मासे धरत बसलेली माणसे दिसतात. (बर्फ पारदर्शक व किमान चार इंच जाड असल्याखेरीज त्यावर पाऊल टाकू नये, ही थट्टा नव्हे.)

करांच्या रकान्यात साधकाला खरे स्फुरण चढते. कमाल प्राप्तिकर मिनेसोटात ९.८५ टक्के आणि विस्कॉन्सिनमध्ये ७.६५ टक्के, मात्र कपड्यांवर विक्रीकर नाही तो मिनेसोटात. यावरून नोकरी मिनीआपोलिसला, घर सीमेवरच्या सेंट क्रॉय नदीपलीकडे विस्कॉन्सिनमधील हडसनला आणि कपडेखरेदी पुन्हा अलीकडे, अशी त्रिस्थळी यात्रा त्याला सुचते. तथापि परस्पर-करकरार, म्हणजे पगारावरचा कर फक्त राहत्या राज्यात भरण्याची सोय, २०१० पासून बंद आहे. परिणामी मिनेसोटातील पगारावर मिनेसोटाचाच कर बसतो, विवरणपत्रे दोन भरावी लागतात, आणि काही वाचलेच तर ते रोज पूल ओलांडताना पेट्रोलात जाते. हे सांगूनही कोणी ऐकत नाही. तक्त्यात आणखी एक रकाना तेवढा वाढतो.

आहाराच्या अंगाने विस्कॉन्सिनचे पारडे जड आहे, आणि येथे निःपक्षपातीपणाचा आव आणण्याचे कारण नाही. चीज कर्ड, म्हणजे साच्यात दाबण्यापूर्वीचे चीजचे ताजे तुकडे, दाताखाली नव्या चपलेसारखे करकरतात. ते आणल्या दिवशीच खावेत, कारण दुसऱ्या दिवशी करकर जाते आणि किंचित कोमट केले तरच घटकाभर परतते. सीमेलगतच्या पोक काउंटीत तर रस्त्यावरच्या बर्फावर चीज कारखान्यातले खारे पाणी शिंपडलेले आहे. याउलट मिनेसोटाचे हॉटडिश, म्हणजे खिमा, डब्यातले सूप आणि बटाट्याच्या गोळ्या एकत्र भाजून केलेला पदार्थ, पोट भरते.

फुटबॉलबाबत एवढेच, की मिनेसोटाचा वायकिंग्ज संघ चार वेळा सुपर बोल या अंतिम सामन्याला गेला आणि चारही वेळा हरला. विस्कॉन्सिनच्या ग्रीन बे पॅकर्स संघाचे पाच लाखांहून अधिक भागधारक कधीही लाभांश न देणारा शेअर फ्रेम करून भिंतीवर लावतात. साधकाने त्यांच्याशी गुंतवणुकीची चर्चा करू नये.

शेवटी निरोपाचा विधी. मिनेसोटात पाहुणा ‘निघतो’ म्हटल्यावर दिवाणखान्यात, मग दारात, मग मोटारीच्या काचेशी असा टप्प्याटप्प्याने अर्धा तास बोलतो, आणि घराची सगळी ऊब उघड्या दारातून निघून जाते. मराठी कुटुंबांना यात परके काही वाटत नाही, हीच अडचण आहे. विस्कॉन्सिनमध्येही निरोप लांबतोच, पण तेथे निदान हातात ब्रँडी असते.