तासाला साडेअकरा रुपये

"काकू, काय करलालाव?"

भिंतीपलीकडून अशी हाक आली की ओळखायचं, काहीतरी बिनसलंय. नुसता कढीपत्ता पाहिजे असला तर शेजारची हाक मारत नाही, हात घालून तोडून नेते. आमच्या मधली भिंत छातीएवढी. वरच्या दोन विटा कधीच्या पडल्यात आणि त्या खिंडारातून वाट्या, बातम्या आणि एकदोनदा एखादं लेकरूसुद्धा इकडून तिकडे गेलंय.

तीन वर्षं झाली, ती घरी पाळणाघर चालवते. आठ लेकरं. कुणाची आई तुळजापूरला अप-डाऊन करणारी मास्तरीण, कुणाची दवाखान्यात नर्स, एकीची एसटीत वाहक. त्या दिवशी तिच्या एका हातात वही, दुसऱ्या हातात लांब दोरी. व्हरांड्यातल्या साडीच्या झोळीची दोरी तिने पार भिंतीपर्यंत वाढवून घेतलीय. बोलता बोलता एक हिसका द्यायचा, पुढे बोलायचं.

"मास्तरीणबाई म्हणल्या, मे महिन्यात लेकरू माझ्यापाशीच होतं, मग फी कशाची? आणि ती दुसरी म्हणती, पलीकडच्या गल्लीत हजारच घेतात."

"आणि तू काय म्हणलीस?"

"काय म्हणू? राहू द्या म्हणलं."

राहू द्या! ह्या दोन शब्दांनी किती बायांचे धंदे बसले असतील देव जाणे. मी म्हटलं, आण ती वही इकडं.

वहीत जमा तेवढी होती. आठ लेकरं, प्रत्येकी १२०० रुपये, ९६०० झाले. खर्चाचं पान कोरं. कारण काय, तर दूध घरच्या दुधात, गॅस घरच्या गॅसात, टँकर घरच्या टँकरात. धाराशिवात पाण्याचा हिशोब धरायचा नाही म्हणजे फारच झालं! आठ लेकरांची तोंडं, हातपाय, चड्ड्या, फरशी. हौद बघता बघता तळाला जातो. मी पेन घेतलं आणि तिला एकेक विचारत सुटले. रोज लिटरभर दूध, साठ रुपये, २६ दिवसांचे १५६०. फरशी पुसणाऱ्या मावशीचे २०००. खिचडी-उपीट, केळी, बिस्किटं १३००. टँकरचा वाटा ६००. गॅस ४५०, लाईट बिल ४००, साबण-फिनाईल ३००. बेरीज ६६१०.

"म्हणजे मला उरले २९९०," ती म्हणाली. जरा खूशच दिसली.

"थांब. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. दहा तास, २६ दिवस. २६० तास. आता भाग दे."

मोबाईलवर तिने भाग दिला. साडेअकरा. तासाला साडेअकरा रुपये. झोळीची दोरी हातातच राहिली, हिसका द्यायचं विसरली. आतलं लेकरू लगेच कुरकुरलं.

तेवढ्यात तिच्या सासूबाई दारात. "लेकराला जीव लावायचे पैसे मोजतात व्हय गं?" मी त्यांना म्हटलं, आत्याबाई, जीव फुकटच लावू द्या तिला. पण दहा तास तिला घरातून हलता येत नाही, माहेरी जाता येत नाही, ताप आला तरी आडवं होता येत नाही, त्याचे तरी घेऊ द्या. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. गुळाचा खडा तोंडात टाकून आत गेल्या.

मग मला माझी १९७२ ची गोष्ट आठवली. मी बारा वर्षांची होते. आमच्या गावच्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, सुकडी खायच्या. एक म्हातारी मात्र घण हातात घ्यायची नाही. लिंबाखाली दहा-बारा लेकरं घेऊन बसायची. तिचंही नाव हजेरीला असायचं. कुणी तिला म्हणालं नाही की तू नुसतं बसून पैसे घेतेस. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर लिहिलेलंच होतं: कामावरच्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असली, तर त्यांच्यातली एक बाई लेकरांपाशी बसवायची आणि तिला मजुरी पूर्ण द्यायची. महाराष्ट्रात ती मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये ठरली. गुणिले २६ म्हणजे ८११२.

"मग माझी फी किती व्हावी?"

८११२ मध्ये खर्चाचे ६६१० मिळवले, १४७२२. भागिले आठ, १८४०. पलीकडची किती घेते हे कुठंच आलं नाही बघा ह्यात. तिच्याकडं दूध देतात का, मावशी ठेवलीय का, काय माहीत? तिचा आकडा तिच्या घरचा.

"पण काकू, एक बाप म्हणाला, सरकारी पाळणाघरात दोनशेच रुपये असतात."

हे मात्र मला चांगलं माहीत होतं, जन्म अंगणवाडीत गेलाय माझा. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दर होते खरे: दारिद्र्यरेषेखालच्या घरांना महिना २० रुपये, १२,००० पर्यंत मिळकत असली तर १००, त्याच्या पुढं २००. पण तिथं सेविकेचं मानधन सरकार देणार, लेकरं २५ आणि वेळ साडेसात तास. त्या बापाला म्हणावं, अनुदान घेऊन ये, मीही दोनशे घेते.

मग तिथंच, भिंतीवर वही ठेवून, नियम लिहिले. फी १८५०. दोन वर्षांच्या आतलं असेल तर २२००, कारण ते लेकरू दोन लेकरांएवढं असतं. पाच तारखेच्या आत, आगाऊ. लेकरू चार दिवस मामाच्या गावाला गेलं म्हणून कापायचं नाही. मावशी आणि टँकर मामाच्या गावाला जात नाहीत. मे महिन्यात जागा धरून ठेवायची तर अर्धी फी. साडेसातनंतर दर अर्ध्या तासाला ३० रुपये. इथं ती अडली. नवरात्रात तुळजापूरच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, मास्तरीणबाईंनी काय करावं? बरं, नवरात्र ते कोजागिरी उशीर माफ. आई भवानीच्या दारातच राहतो आपण, तेवढं चालतंय.

कागद दाराला लागून महिना झाला. दोघींनी कुरकुर करून दिले. नर्सबाईंनी काही न बोलता दिले, वर म्हणाल्या, इतके दिवस कमी का घेत होतीस? मास्तरीणबाईंनी मेची अर्धी फी दोन हप्त्यांत दिली आणि सोबत कुंथलगिरीचे पेढे. हजारवाली आपलं लेकरू घेऊन पलीकडच्या गल्लीत गेली. शेजारची त्या दिवशी रडली. पैशासाठी नाही, पोरगं जाताना मागं वळून बघत होतं म्हणून.

तेव्हा एक जागा रिकामी आहे. धाराशिवात कुणाला लेकरू ठेवायचं असेल तर अवश्य या. घासाघीस करायची असेल तर मात्र भिंतीच्या अलीकडून यावं, माझ्याकडं.