डेटनची जत्रा

गाव वर आणायचं तर आपल्याकडे साखर कारखाना काढतात. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या डेटनकरांनी १९२५ मध्ये खटला काढला.

झालं असं, की त्या मार्चमध्ये राज्यानं कायदा केला : सरकारी शाळेत माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असं शिकवाल तर दंड १०० ते ५०० डॉलर. न्यूयॉर्कच्या एका नागरी हक्क संघटनेनं जाहीर केलं, कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च आमचा. ही बातमी घेऊन कोळसा कंपनीचे मॅनेजर जॉर्ज रॅपलीया थेट रॉबिन्सनच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानात सोडा मिळे, औषधं मिळत आणि शाळेची पुस्तकंही. मालक स्वतःच शाळा मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे गिऱ्हाइकांची चिंता नाही. फळीवर हंटरसाहेबांचं जीवशास्त्राचं पुस्तक होतं. त्यात उत्क्रांती होती आणि ते नेमलेलं होतं खुद्द राज्य सरकारनंच. न शिकवावं तर कामचुकार, शिकवावं तर गुन्हेगार. शिक्षकी पेशाची इतकी नेमकी व्याख्या दुसऱ्या कुठल्या सरकारनं केल्याचं ऐकिवात नाही.

आता फक्त आरोपी हवा होता. चोवीस वर्षांचे जॉन स्कोप्स टेनिस खेळत होते, त्यांना बोलावणं गेलं. मूळचे फुटबॉलचे प्रशिक्षक. जीवशास्त्राचे तास बदलीवर घेतलेले. उत्क्रांती शिकवली की नाही, त्यांनाही नक्की आठवेना. पण गावाची सोय म्हणून ते हो म्हणाले आणि परत टेनिस खेळायला गेले.

जुलैत जत्रा भरली. लिंबू सरबत, प्रवचनकार, सूटबूट घातलेला चिंपांझी, शिकागोच्या रेडिओवरून थेट प्रक्षेपण. फिर्यादीकडून विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले. बचावाला क्लॅरन्स डॅरो. शास्त्रज्ञांची साक्ष ज्यूरीपुढे नको, असं न्यायाधीशांनी ठरवलं. मग डॅरोंनी चक्क ब्रायन यांनाच बायबलचे तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलावलं. उकाडा असह्य, शिवाय गर्दीनं मजला खचायची भीती, म्हणून ही उलटतपासणी हिरवळीवर झाली. बायबलमधल्या काइनला बायको कुठून मिळाली? ते शोधणं अज्ञेयवाद्यांवर सोपवतो, म्हणाले ब्रायन. टाळ्या पडल्या. मात्र सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही, हेही त्यांच्या तोंडून निघालं, तेव्हा त्यांच्याच भक्तांचे चेहरे पडले. ज्यूरीनं यातलं काही ऐकलं नाही, त्यांना बाहेर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ही साक्षच नोंदीतून काढून टाकली.

वरच्या कोर्टात जाता यावं म्हणून बचावाच्या वकिलांनीच आरोपीला दोषी ठरवा म्हणून विनवलं. ज्यूरीला नऊ मिनिटं लागली. दंड १०० डॉलर. १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली, कारण ५० डॉलरवरचा दंड ज्यूरीनं ठरवायचा असतो, तो न्यायाधीशांनी ठरवला होता! कायदा मात्र १९६७ पर्यंत जागेवर. हंटरसाहेबांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतून उत्क्रांती हा शब्द मुकाट्यानं गळाला, पुस्तक खपत राहिलं.

आपण अधिक सुधारलेले. २०२३ मध्ये विद्यार्थ्यांचा भार हलका करायला एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती उतरवली गेली. बारावीला जीवशास्त्र घेतलंत तर भेटेल म्हणे. ना आरोपी, ना चिंपांझी, ना सरबतवाल्याला दोन पैसे. धडा होता ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’, उरली आनुवंशिकता.