प्रीस्क्रीनबाबा

अमेरिकेतल्या मराठी बापाचे काही अवतार ठरलेले आहेत. मूल सात वर्षांचं असताना तो सॉकरच्या मैदानाकडेला घडीची खुर्ची टाकून बसतो आणि ऑफसाइड म्हणजे काय हे न कळता 'गुड जॉब' ओरडतो. दहाव्या वर्षी स्पेलिंग बीचे शब्द स्वतः चुकीचे उच्चारून मुलाकडून बरोबर पाठ करून घेतो. सोळा-सतराव्या वर्षी गाडीत शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबतो. इथवर सगळे बाप सारखेच. फाटे फुटतात ते बारावीत. बहुतेकांची मुलं कम्प्युटर नाहीतर मेडिसिनच्या वाटेला लागतात आणि बाप सुटतात. एखाद्याची मुलगी मात्र वरणभातावर तूप घेता घेता जाहीर करते, की तिला म्युझिकल थिएटरमध्ये बी. एफ. ए. करायचंय. त्या रात्री, न्यू जर्सीतल्या एखाद्या घरात, प्रीस्क्रीनबाबा जन्माला येतो.

हा माणूस विरोध करत नाही, हे आधीच सांगून टाकतो. विरोध करणारा बाप जुन्या मराठी नाटकांत असायचा आणि तिसऱ्या अंकात विरघळायचा. हा पहिल्याच प्रवेशात विरघळतो. "आवडतं ना तुला? मग कर. फक्त जे करशील ते नीट कर," एवढंच म्हणतो. पुढे वर्षभर घरात जे काही घडतं, ते त्या 'नीट'मुळे.

त्याची जडणघडण समजून घेतली पाहिजे. तो सांगली, नाशिक किंवा अकोल्याहून इंजिनिअरिंगला गेलेला. आयुष्यात त्याची जिथे जिथे निवड झाली, तिथे तिथे भिंतीवर एक यादी लागलेली होती. यादीत नाव, नावापुढे मार्क, आणि शेवटच्या नावाखाली रेघ. रेघेच्या वर असलात तर पेढे, खाली असलात तर पुढच्या वर्षी क्लास. या रेघेवर त्याची श्रद्धा आहे. त्यामुळे मुलीच्या ऑडिशन कोचबरोबर झूमवर पहिली भेट झाली, तेव्हा नमस्कार-चमत्कार आटोपून त्यानं विचारलं, "कट-ऑफ किती असतो?"

कोच म्हणाली, असं काही नसतं. कॉलेजं एक वर्ग जुळवत असतात. कधी त्यांना उंच मुलगी हवी असते, कधी विनोदी, कधी खालच्या पट्टीत गाणारी.

झूम बंद झाल्यावर तो बायकोला म्हणाला, "माहीत आहे तिला. सांगत नाहीये."

आता या परीक्षेचं स्वरूप. अमेरिकेत म्युझिकल थिएटर शिकवणारी नावाजलेली कॉलेजं एका वर्गात साधारण वीसेक मुलं घेतात, काही त्याहूनही कमी, आणि अर्ज येतात शेकड्यांनी. सगळ्यांना समोर बसवून ऐकणं अशक्य, म्हणून आधी चाळणी. तिचं नाव प्रीस्क्रीन. घरच्या घरी व्हिडिओ करून पाठवायचे. दोन गाणी, एक संथ, एक चढ्या लयीतलं; त्यातलं एक सहसा १९७० पूर्वीच्या म्युझिकलमधलं, दुसरं अलीकडचं. प्रत्येकी साठ ते नव्वद सेकंद. एखाद-दोन स्वगतं, एक नाच, आणि अनेक ठिकाणी 'वाइल्ड कार्ड' नावाचा एक मोकळा व्हिडिओ, ज्यात आपण माणूस म्हणून कसे आहोत ते दाखवायचं. या चाळणीतून जे उरतील त्यांना जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष ऑडिशन. कुणावरच भरवसा नाही, म्हणून मुलं पंधरा-वीस कॉलेजांना अर्ज करतात.

यादीत कार्नेगी मेलन दिसल्यावर बाबाचा चेहरा उजळला. हे नाव त्याला माहीत होतं. तिथल्या नाट्यविभागानं १९१४ मध्ये अमेरिकेतली नाटकातली पहिली पदवी सुरू केली, हे त्याला नंतर कळलं. तोवर त्यानं पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांना "कार्नेगी मेलनला अर्ज करतेय" एवढंच सांगून ठेवलं होतं. खोटं काहीच नव्हतं. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण पुण्यात सगळ्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

१९७० च्या अटीवर त्यानं स्वतंत्र संशोधन केलं. ज्या 'ओक्लाहोमा!'पासून इथे सुवर्णकाळ मोजतात ते १९४३ चं. किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं १८८० मध्ये. म्हणजे आपण त्रेसष्ट वर्षं पुढे! आणि 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं. तीन वर्षांनी का होईना, नियमात बसतं!

"बाबा, दे मीन ब्रॉडवे."

"तसं लिहिलंय का कुठे?"

त्यानं चार कॉलेजांची नियमावली पुन्हा वाचली. तसं लिहिलेलं होतं.

सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या आजीला या सगळ्यात निराळीच गोष्ट खटकली. तिनं वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब प्रत्यक्ष पाहिलेले. ती म्हणाली, "दीड मिनिटात अख्खं गाणं? तेवढ्यात आमच्याकडे पेटीवाला सूर लावायचा." मग थोड्या वेळानं, "आणि वन्स मोअर आला तर?"

"आजी, समोर कोणी नसतं. कॅमेरा असतो."

"अगं बाई. मग गायचं कोणासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर त्या घरात कुणी दिलं नाही, कारण बाबा तेव्हा रिंग लाइटचे रिव्ह्यू वाचत होता.

'व्हिडिओ साध्या फोनवर केला तरी चालेल, भारी उपकरणांची गरज नाही' असं बहुतेक कॉलेजं आवर्जून लिहितात. बाबानं ही ओळ लग्नपत्रिकेतल्या 'कृपया आहेर आणू नये'सारखी वाचली. आठवडाभरात तळघरात ट्रायपॉड, रिंग लाइट आणि कॉलरचा माइक आला. रिंग लाइटचं गोल प्रतिबिंब मुलीच्या चष्म्यात दिसू लागलं, म्हणून दोन सॉफ्टबॉक्स आले. पार्श्वभूमी करडी किंवा निळी, साधी हवी. तळघरात होता तो मंडळाच्या गणपतीचा पडदा, जांभळा आणि जरीचा. तो उलटा करून लावला. उलट्या बाजूनं मागच्या वर्षीचं 'सुस्वागतम्' आरशातल्यासारखं दिसू लागलं. मग करडा पडदा आला. आवाज घुमतो म्हणून भिंतीला सतरंज्या ठोकल्या. तळघराला आता जेवणावळीच्या हॉलची कळा आली, पण आवाज घुमायचा थांबला.

उरले ते घराचे आवाज. वर फ्रीज, शेजारी फर्नेस, आणि लाकडी जमिनीवर आजीची पावलं. प्रत्येक टेकच्या आधी बाबा जिन्यातून ओरडतो, "फर्नेस बंद! नळ बंद! आई, हलू नकोस!" नोव्हेंबर महिना. बायको स्वयंपाकघरात शाल गुंडाळून, कुकरला शिट्टी होऊ न देता उभी. आजी देवघरासमोर एक पाऊल उचललेल्या अवस्थेत. खाली मुलगी बिनबाह्यांच्या ड्रेसमध्ये वसंत ऋतूचं गाणं म्हणतेय आणि बाप जाकीट घालून मॉनिटर बघतोय. आणि नेमक्या त्या वेळी शेजाऱ्याचा माळी लीफ ब्लोअर सुरू करतो. अमेरिकेत पानगळ आणि प्रीस्क्रीनची मुदत एकाच वेळी येते. बाबानं एकदा माळ्याला वीस डॉलर देऊन पुढच्या गल्लीत पाठवलं. पुढच्या शनिवारी माळी आपणहून आधी याच्या दारात आला.

गाण्याआधी असते 'स्लेट'. कॅमेऱ्याकडे बघून नाव आणि गाणं सांगायचं, सहज, हसतमुखानं. इथे बाबानं दहा-बारा टेक खर्ची घातले, कारण मुलगी आडनावातला 'ळ' 'ल' करून टाकत होती. "आपल्या नावाचा तरी उच्चार नीट कर." शेवटी 'ळ' लागला, पण तोवर हसणं गेलं होतं. हा टेक कोचनं परत पाठवला आणि विचारलं, ही मुलगी कुणावर चिडली आहे का?

तसं तिला चिडायची सोय स्वगतात होतीच. स्वगत म्हणताना कॅमेऱ्यात बघायचं नसतं. लेन्सच्या जरा बाजूला एक बिंदू धरून त्याला उद्देशून बोलायचं असतं. त्या बिंदूवर बाबा उभा होता, कारण फोकस तिथूनच दिसत होता. मुलीनं निवडलेलं पात्र आपल्या वडिलांना ठणकावून सांगत होतं, की माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणं थांबवा. ती सत्तर सेकंद बोलली, आवाज न चढवता, त्याच्या डोळ्यांत बघून. संपल्यावर तो म्हणाला, "एक्स्पोजर ठीक होतं." मग वर जाऊन बायकोला हळूच विचारलं, "ते नाटकातलंच आहे ना?"

प्रीस्क्रीनबाबाचं खरं कर्तृत्व मात्र एक्सेलमध्ये आहे, आणि तिथे त्याला मानलंच पाहिजे. एका कॉलेजला गाणं नखशिखान्त चौकटीत हवं, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत, स्वगत कमरेपर्यंत. एकाला स्लेट त्याच फाइलमध्ये, दुसऱ्याला वेगळी. एकाला साठ सेकंद, दुसऱ्याला नव्वद. म्हणजे एकाच गाण्याचे दोन कट, दोन बॅकिंग ट्रॅक. सलग एकच टेक, मध्ये जोडकाम नाही. मुदती ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत विखुरलेल्या. हे सगळं त्यानं रंगीत रकान्यांत बसवलं, फाइलींना नावं दिली, प्रत्येक अपलोडची पोच जपून ठेवली. कोचनं ती शीट तिच्या इतर विद्यार्थ्यांसाठी मागून घेतली, तेव्हा त्याला वर्षातला पहिला आनंद झाला. अखेर या प्रांतात कुणीतरी त्याला मार्क दिले होते.

भांडण झालं ते टेक निवडताना. मुलीला चौथा हवा होता, बाबाला अकरावा. चौथ्यात उजव्या गालावर सावली होती. अकराव्यात सावली नव्हती, सूर जागच्या जागी होते, सेकंदही बरोबर एकोणनव्वद. प्रकरण आजीपुढे गेलं. इंग्रजी गाणं तिला कळत नव्हतं, हेच तिचं बळ. तिनं दोन्ही पाहिले आणि चौथ्यावर बोट ठेवलं. "यात ती मला काहीतरी सांगतेय. त्यात नुसती उभी आहे." बाबानं सावलीचा मुद्दा पुन्हा मांडला. आजी म्हणाली, "सावली तुझी आहे. तू दिव्यासमोर उभा होतास."

राहता राहिलं वाइल्ड कार्ड. बाबाची यादी तयार होती: अरंगेत्रमची चित्रफीत, गणेशोत्सवातला पोवाडा, रुबिक क्यूब. मुलगी म्हणाली, मी बघते काय करायचं ते, तू फक्त रेकॉर्ड कर. तिनं त्याचं जाकीट चढवलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला, आणि एका मिनिटात न दिसणारा ट्रायपॉड वर-खाली केला, न दिसणारा दिवा सरकवला, जिन्याकडे बघून "आई, हलू नकोस!" म्हणून ओरडली, आणि शेवटी एका न दिसणाऱ्या मुलीला अतिशय मायेनं म्हणाली, "छान झालं. परत एकदा." वरून बायकोचं हसू ऐकू आलं. बाबा काही वेळ मॉनिटरकडे बघत राहिला.

"मी असा बोलतो?"

"अगदी!" आजी वरून म्हणाली. ती या वेळी हललीही होती, जमीन करकरलीही होती, आणि ते व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं. तरी दुसरा टेक झाला नाही.

निकाल यायला लागले आणि प्रीस्क्रीनबाबाची खरी परीक्षा सुरू झाली. उत्तर एका परिच्छेदाचं असतं: या, किंवा येऊ नका. मार्क नाहीत, शेरा नाही, पुनर्तपासणीचा अर्ज नाही. ऑफिसात एखादी सिस्टिम बंद पडली तर चोवीस तासांत कारणमीमांसा देणारा हा माणूस. इथे एकच व्हिडिओ एका कॉलेजनं उचलला आणि दुसऱ्यानं टाकला, आणि कुणी का ते सांगायला तयार नाही. त्यानं शीटमध्ये 'संभाव्य कारण' असा रकाना घातला. पहिल्या नकारापुढे लिहिलं 'पडद्याचा रंग'. दुसऱ्यापुढे 'ळ'. तिसऱ्यापुढे काही दिवस प्रश्नचिन्ह होतं. नंतर मुलीनं ते खोडून तिथे लिहिलं, 'देअर इज नो व्हाय, बाबा.'

शिकागोच्या 'युनिफाइड्स'ला त्याचे डोळे थोडे उघडले. अनेक कॉलेजं तिथे हॉटेलांत एकत्र बसून मुलांना ऐकतात. लिफ्टमध्ये गुणगुणणारी मुलं, कॉरिडॉरमध्ये गळ्याला वाफ देणारी मुलं, आणि लॉबीत फाइली कवटाळून बसलेले आईबाप. शेजारी ओहायोचा एक बाप बसला होता. त्याच्या लॅपटॉपवर शीट होती. रंगीत. शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं, 'व्हाय?' दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुणवत्ता यादीचं वेड सांगली-नाशिकचं नसून बापपणाचं आहे, हे प्रीस्क्रीनबाबाला तिथे पहिल्यांदा कळलं. तासाभरात दोघांनी फर्नेस बंद करण्याच्या आपापल्या पद्धतींची देवाणघेवाण केली.

मुलगी एका कॉलेजात गेली, जे बाबाच्या यादीत सातवं होतं आणि तिच्या यादीत दुसरं. करड्या पडद्यासमोर आता मंडळाच्या एकांकिकेच्या तालमी होतात. मागच्या ऑगस्टमध्ये बाबाला एका अनोळखी मराठी माणसाचा फोन आला. मुलगा बारावीत, म्युझिकल थिएटर म्हणतोय, कुणीतरी तुमचा नंबर दिला. सुरुवातीचं बोलणं झाल्यावर त्या गृहस्थानं जरा संकोचून विचारलं, "कट-ऑफ साधारण किती धरायचा?"

प्रीस्क्रीनबाबा समजुतीनं हसला. "अहो, असं काही नसतं. ते वर्ग जुळवत असतात. आपण त्यात पडायचं नाही. मुलाला मोकळं गाऊ द्यायचं, साध्या फोनवर करायचं, आणि विसरून जायचं." पलीकडच्या माणसाला फार हायसं वाटलं. त्यानं आभार मानले.

"शीट पाठवतो," बाबा म्हणाला. "बेचाळीस रकाने आहेत. आणि हो, सॉफ्टबॉक्स दोन घ्या. एकानं भागत नाही."