ईडलिंबू आणि निमशिक्षक

आमच्या घरात मास्तरकी आली ती आबाजींपासून, म्हणजे माझ्या आजोबांपासून. आबाजी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास. इंग्रजांच्या अमदानीत तेवढ्यावर गुरुजी होता येत असे. आधी नोकरी लागायची, मुलं शिकवण्यात दोन-चार वर्षं जायची, आणि मग कसं शिकवावं ते शिकायला सरकार नॉर्मल स्कूलमध्ये धाडायचं. आबाजी तिथून परतले तेव्हा गावात बातमी पसरली की गुरुजी नॉर्मल होऊन आले. त्यावर आजी म्हणाली म्हणे, "पयलेबी काही बिघडेल नव्हते बाप्पा!"

आबाजींची सगळी विद्वत्ता पत्र्याच्या एका नळकांड्यात मावायची. माझी मावत नाही. दहावी, बारावी, डी.एड., अधिवास, जात, जातवैधता, एमएस-सीआयटी, नेमणुकीचा आदेश, कायम केल्याचा आदेश, आणि या प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. ही फाईल घेऊन यवतमाळला जिल्हा परिषदेत जायचं म्हटलं की एसटीत तिच्यासाठी रुमाल टाकावा लागतो.

मी बारावी झाले 2003 साली. तेव्हा आमच्या भागात डी.एड.ची लाट होती. कापसाला बोंडअळी लागते, तुरीला मर लागतो आणि पोरीला नोकरी लागते. हे तिसरं लागलं की पहिल्या दोहोंचं दुःख जरा हलकं होतं, असा कास्तकाराचा साधा हिशेब. बारावीच्या गुणांवर डी.एड.ला नंबर लागायचा. माझा लागला तेव्हा वडिलांनी पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवसापासून घरी स्थळं यायला लागली. मला अजून खडू नीट धरता येत नव्हता, पण मुलाकडची मंडळी माझ्याकडे दरमहा पगार म्हणूनच पाहत होती.

डी.एड.मध्ये दोन वर्षं काय शिकवतात? मुख्यतः नाटक. सूक्ष्म पाठ नावाचा प्रकार असतो. आपण बाई व्हायचं आणि आपल्याच वर्गातल्या आठ-दहा मैत्रिणींनी तिसरीतली मुलं व्हायचं. पाठ पाच-सहा मिनिटांचा, त्यात एकच कौशल्य दाखवायचं. प्रश्न कौशल्य, फलकलेखन कौशल्य, चेतक बदल कौशल्य. चेतक बदल म्हणजे एका जागी खांबासारखं उभं न राहता हातवारे करत वर्गात फिरणं. आमच्यातल्या एकीनं चेतक इतका बदलला की तिला चक्कर आली.

माझं हातखंडा कौशल्य होतं प्रबलन. मुलानं उत्तर दिलं की 'शाब्बास', 'छान', 'अगदी बरोबर' म्हणायचं, मान डोलवायची, हसायचं. मागे बसलेली निरीक्षक प्रत्येक शाब्बासकीला वहीत एक उभी रेघ मारायची. माझ्या पाठाच्या रेघा मोजल्या तेव्हा त्या सगळ्या वर्गात जास्त निघाल्या. बाईंनी अभिप्रायात लिहिलं, 'प्रबलनावर उत्तम प्रभुत्व.' या प्रभुत्वाचं पुढे काय झालं, ते सांगायलाच हा लेख लिहिते आहे.

पाठ टाचणाची वही वेगळीच. डावीकडे उद्दिष्टे, उजवीकडे स्पष्टीकरणे. आधी पूर्वज्ञान जागृत करायचं, मग हेतुकथन, मग विषयविवेचन, मूल्यमापन आणि शेवटी गृहपाठ. ही चाल अंगात इतकी मुरली की लग्नानंतर सासूबाईंकडे माहेरी जायची परवानगी मागताना मी आधी त्यांचं पूर्वज्ञान जागृत करत असे. हेतुकथनापाशी त्यांना सगळं कळायचं.

नोकरी लागली, पण शिक्षक म्हणून नव्हे, शिक्षण सेवक म्हणून. सन 2000 पासूनची ही पद्धत. तीन वर्षं सेवा करायची, मानधन प्राथमिकला महिना 3,000 रुपये. (आता ते 16,000 झालंय, 2023 पासून.) आपल्या राज्याला नुसतं 'शिक्षक' म्हणायला जड जातं, असं माझं जुनं निरीक्षण आहे. शिक्षण सेवक, अप्रशिक्षित शिक्षक, अतिरिक्त शिक्षक, तासिका तत्त्वावरचा शिक्षक, कंत्राटी शिक्षक. पुढेमागे काहीतरी चिकटवल्याशिवाय शब्द सुटा देत नाहीत. या यादीतला सगळ्यात गोड शब्द मला माझ्या दुसऱ्या शाळेत भेटला: निमशिक्षक.

ही शाळा पोडावरची. आमच्याकडे कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, बंजाऱ्यांच्या वस्तीला तांडा. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या बाजूला डोंगराच्या कुशीत वीस-तीस घरांची पोडं आहेत. अशा वस्त्यांवर शाळा नव्हती आणि शाळा असलेल्या गावापर्यंत रस्ता नव्हता, म्हणून 2000 सालानंतर राज्यानं वस्तीशाळा काढल्या. डी.एड. झालेलं माणूस तिथं कोण जाणार? तेव्हा जवळपासचा दहावी-बारावी झालेला तरुण पाहायचा, महिना हजार रुपये मानधन द्यायचं आणि त्यानं मुलं गोळा करून शिकवायला लागायचं. हाच तो निमशिक्षक. नीम हकिमाचा धाकटा भाऊ वाटावा असं नाव, पण जिथं पुरा शिक्षक पोचलाच नव्हता तिथं अर्धा रोज सकाळी हजर असायचा.

आमच्या शाळेतले निमशिक्षक पलीकडच्या गावचे, बारावी पास. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला म्याडम म्हणतात. पुढे वस्तीशाळांच्या नियमित शाळा झाल्या आणि मी तिथं बदलून गेले. पहिल्या दिवशी माझ्या डोक्यात स्वच्छ उतरंड होती: मी प्रशिक्षित, ते निम.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, कारण त्याआधी ऊन माणसाला उघडू देत नाही. त्या वर्षी पाऊसही रेंगाळला होता. पहिलीत नऊ मुलं. मी फळ्यावर ठळक अक्षरांत 'इ' काढली, 'ई' काढली. पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीनं लगेच माझ्याकडे पाहून म्हटलं, "ईर."

माझा आनंद गगनात मावेना. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला! मी म्हटलं, "शाब्बास! ई! ई ईडलिंबाचा!"

ती म्हणाली, "ईर."

"छान! अगदी बरोबर! सगळ्यांनी म्हणा, ई!"

"ईर," ती रडवेली होऊन म्हणाली. मी मान डोलावली, हसले, फिरून चेतकही बदलला. डी.एड.च्या निरीक्षक बाई मागे असत्या तर त्यांच्या पेनातली शाई संपली असती. तेवढ्यात दारातून भाऊ म्हणाले, "म्याडम, पोट्टीले तहान लागली. ईर म्हंजे पानी."

कोलामीत पाण्याला ईर म्हणतात. ती पोर घसा कोरडा पडून पाणी मागत होती आणि मी तिला ईडलिंबू देत होते. बरं, ते ईडलिंबू तिनं पाहिलेलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही आजतागायत पाहिलेलं नाही. मुळाक्षरांच्या तक्त्याबाहेर ते कुठं पिकतं, कुणी सांगेल तर उपकार होतील.

भाऊंनी पाणी आणून दिलं. ती घटाघटा प्याली आणि दुसरा पेलाही मागितला, यावेळी भाऊंकडे पाहून. उतरंडीतलं वरचं मडकं मी त्या दिवशी मुकाट्यानं खाली ठेवलं. पुढची काही वर्षं आमची अदलाबदल चालली. मी त्यांना टाचण कसं काढायचं ते दाखवलं, त्यांनी मला कोलामी दाखवली. त्यांनी नोकरीत असतानाच पत्राद्वारे डी.एड. पुरं केलं. मार्च 2014 मध्ये राज्यातल्या वस्तीशाळा शिक्षकांना नियमित केलं गेलं आणि भाऊंच्या नावामागचं 'निम' गळून पडलं. त्या दिवशी त्यांनी पोडावर जिलेबी वाटली. म्हणाले, "म्याडम, आता मी पुरा झालो."

पण पुरं होणं आमच्या पेशात लिहिलेलं नाही.

शिक्षण हक्क कायद्यानंतर 2010 पासून पहिली ते आठवीच्या शिक्षकाला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. महाराष्ट्रात ती 2013 मध्ये पहिल्यांदा झाली. आम्ही त्याआधीचे, म्हणून निवांत होतो. मग 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे, त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. मुलांच्या हजेरीपटावर सह्या करकरून बोटं झिजवलेली माणसं एकदम ओएमआर शीटच्या गोळ्यांपुढे बसली. स्टाफरूममध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांची चर्चा थांबून या गोळ्यांची सुरू झाली.

आता आमच्या शाळा वेगळ्या असल्या तरी केंद्र एकच. रविवारी भाऊ पुस्तक घेऊन आमच्याकडे यायला लागले. गणित, परिसर अभ्यास, मराठी यांत त्यांना भीती नव्हती. घोडं अडलं ते बालमानसशास्त्रापाशी. मी सांगितलं, थॉर्नडाईकनं मांजर पेटीत कोंडलं, पावलोव्हनं कुत्र्यापुढे घंटा वाजवली, स्किनरनं उंदराला कळ दाबायला लावली, कोहलरनं चिंपांझीला केळी दाखवली. भाऊ बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. म्हणाले, "म्याडम, यायनं सारे जनावरंच शिकवले. पोट्टे कोनं शिकवले?"

मी म्हटलं, "पियाजे आहे ना. त्यानं स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करून लिहिलं."

"मंग थो आपल्यातला," भाऊ म्हणाले आणि पियाजेच्या चारही अवस्था एका दिवसात पाठ करून मोकळे झाले.

परीक्षा फुकटची कटकट आहे, असं आधी मीही म्हणत होते. पण अभ्यासाला बसल्यावर कळलं की पाचवीच्या अपूर्णांकांवर आम्हा दोघांचाही हात पुरता बसलेला नाही. इतकी वर्षं मी भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायला सांगत होते. का उलटा करायचा, ते मला टीईटीच्या भीतीनं समजलं. कोर्टाचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर नव्हतं.

शिक्षक होण्याच्या मार्गांची गोष्ट निघालीच आहे तर आडमार्गही सांगून टाकते. 2019 च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघडकीला आलं आणि 2022 मध्ये राज्य परीक्षा परिषदेनं 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. त्यांच्या वाटेचे काटे आता आम्ही वेचतो. 23 नोव्हेंबर 2025, रविवार. परीक्षा केंद्राच्या दारात माझी अशी कसून तपासणी झाली की मी प्रश्नपत्रिका सोडवायला आले की पळवायला, याचा मलाच क्षणभर संशय आला.

आत शेजारच्या बाकावर एक दाढीवाला तरुण उठून उभा राहिला आणि पाया पडला. माझ्या पहिल्या शाळेतला चौथीचा विद्यार्थी! डी.एल.एड. (आमच्या डी.एड.चं नवं नाव) झालंय, दोन वर्षांचं बी.एड. झालंय, त्या बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येणार नाही हे 2023 च्या कोर्टाच्या निकालानं कळलंय, आणि ही त्याची टीईटीची तिसरी खेप. पास झाल्यावर टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी: 200 प्रश्न आणि 120 मिनिटं. मग शिक्षकभरतीचं 'पवित्र' पोर्टल. मग गुणवत्ता यादी. मग शिक्षण सेवक. आबाजी सातवीवर जिथं पोचले, तिथं त्यांच्या पणतवाच्या वयाचा हा पोरगा सत्तावीस वर्षांचा होऊनही पोचलेला नव्हता. मी हळहळले, तर तोच मला धीर द्यायला लागला. "काळजी करू नका मॅडम, निगेटिव्ह मार्किंग नाहीये. आणि मी तुमच्या पेपरात पाहणार नाही, तुमीच शिकवलं होतं." खरं तर त्या क्षणी त्यानं मला त्याच्या पेपरात पाहू द्यायला हवं होतं.

दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न. साठ टक्क्यांना पास, राखीव प्रवर्गाला पंचावन्न. भाषांचे दोन विभाग होते, माझे मराठी आणि इंग्रजी. बाहेर आल्यावर भाऊ चहाच्या टपरीवर भेटले. मी विचारलं, "कसा गेला?"

"गेला बरा," ते म्हणाले. "पन ईर नाई आलं कुठी."

तर नव्यानं शिक्षक होणाऱ्यांनो, तुम्ही डी.एल.एड. करून या, बी.एड. करून या, पत्राद्वारे या की पवित्र होऊन या. फाईल जाड असू द्या, झेरॉक्सचे तीन संच ठेवा. पण यवतमाळ जिल्ह्यात नेमणूक झाली तर पहिल्या दिवशी फळ्यावर काही लिहिण्याआधी वर्गात पाण्याचा माठ भरून ठेवा, आणि मुलं पाण्याला काय म्हणतात ते विचारून घ्या. कोलाम पोडावर ईर म्हणतील, गोंडांच्या वस्तीवर येर म्हणतील, तांड्यावर पाणीच म्हणतील. ईडलिंबू दुसऱ्या दिवशी शिकवलं तरी चालतं.