सतरा आकडी काका

प्रत्येक सोसायटीत एक तरी काका असे असतात, की त्यांना मोबाइल नंबर सांगायची सोय नसते. आपण दहा आकडे सांगून मोकळे होतो. ते लिहून घ्यायचं सोडून बेरीज करत बसतात. "सत्तेचाळीस? छे, काही दम नाही तुमच्या नंबरात!" असं तोंडावर ऐकवतात.

आमचे काका डोंबिवलीचे, आणि हे ते छाती काढून सांगतात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना एका जातीच्या संख्या सुचल्या त्या याच स्टेशनावर. स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. त्यातल्या एकीवर काकांचा जीव जडलाय : १२३४५६७८९८७६५४३२१.

लोकल लेट झाली, की शेजारी उभा असेल त्याचं काही खरं नाही. "नऊ एक घ्या. करा वर्ग!" त्याच्याच पेपरच्या कडेला काका गुणाकार मांडतात. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. सगळ्यात भरलेल्या मधल्या रकान्यातही एक नऊच. "बघा, कुठ्ठे हातचा नाही! उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच!" मग 'लीलावती'तली स्थानं घडाघडा म्हणत 'मध्य'पर्यंत चढतात आणि परार्ध एका घराने हुकला म्हणून हळहळतात. तेवढ्यात गाडी येऊन गेलेलीही असते.

दहा एकांचा वर्ग मात्र विचारू नये. एका कॉलेजकुमाराने विचारला. घरातली भानगड चारचौघांत निघावी तसे काका इकडेतिकडे बघायला लागले. "तिथे... हातचा येतो," एवढंच पुटपुटले. पोरगं वस्ताद. त्याने तिथेच मोबाइलवर काढून दाखवलं : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब, आणि मध्ये दोन शून्यं ठाण मांडून बसलेली! काकांनी त्या दिवशी डबा बदलला.

बरं, लाडकीचे गुण तेवढ्यावर संपत नाहीत. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने तिला नि:शेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. तेव्हापासून दूधवाल्याचं बिल, गाडीची नंबरप्लेट, फ्लॅट नंबर, काकांच्या हातून या परीक्षेतून काहीच सुटत नाही. काकू बिचाऱ्या सुटे पैसे लपवून ठेवतात.

परवा शेजारच्या लग्नासाठी काकूंनी एकशे एकचं पाकीट तयार ठेवलं होतं. काका अडून बसले.

"अगं, १०१ ही मूळ संख्या. तिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही. असला आहेर करतात का? १११ घाल. बेरीज तीन, तीनने भाग जातो. हर्षद आहे!"

"अहो, पण नवराबायको दोघंच. १११ला दोनने कुठे भाग जातो?"

"वर्षभर थांब की. तिघं झाली की प्रत्येकी सदतीस!"