वाइड घ्यायची राहिलेला माणूस

क्रॉप सेन्सरची बॉडी, तिच्यासोबत खोक्यात आलेली १८-५५ची किट लेन्स, नंतर हौसेने घेतलेली ५५-२५० आणि सगळेच घेतात म्हणून घेतलेली ‘फिफ्टी’ एवढा सरंजाम जमवून जो ‘आता फक्त एक वाइड घेतली की झालं’ असे दोन-तीन लग्नसराया म्हणत आला आहे, त्याला वाइड घ्यायची राहिलेला माणूस म्हणावे. हा प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत त्याची बऱ्यापैकी वस्ती आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा मात्र तो नव्हता. तेव्हा रोलचा जमाना होता, आणि वाइड लेन्स ही स्टुडिओच्या मालकाने घ्यायची वस्तू होती.

फोटोग्राफी हा त्याचा मुख्य धंदा असेलच असे नाही. कुणाचे कृषी सेवा केंद्र असते, कुणी मोबाइल दुरुस्त करतो, कुणी विनाअनुदानित शाळेवर अनुदानाची वाट बघत शिकवतो. एप्रिल-मे आला की सगळे ‘ऑर्डर’वर असतात. ओळखण्याची खूण पाठीवर सापडते: शर्टाला दोन्ही खांद्यांच्या मधोमध चुना लागलेला असतो. ग्रुप फोटो घेताना हा माणूस मागे सरकत जातो, भिंत येईपर्यंत सरकतो आणि भिंत आल्यावरही थोडा सरकून बघतो. समोरून ‘सरका की मागं अजून, मामा मावना गेलेत’ असा आग्रह चालू असतो. मामांनी पुढे यावे, मधे दाटीने बसावे, असे कुणी सुचवत नाही.

या चुन्यामागे साधे गणित आहे. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. कॅननच्या क्रॉप बॉडीतला २२.३ बाय १४.९चा, निकॉन, सोनी, फुजी यांचा त्याहून किंचित मोठा. म्हणून कॅननवर लेन्सचा आकडा १.६ने आणि इतरांवर १.५ने गुणतात, आणि कॅननवर किट लेन्सची १८ ही बाजू फुल फ्रेमवरच्या २९सारखी वागते. मांडवाच्या भाषेत सांगायचे तर दहा फुटांवरून १८वर साडेबारा फुटांपेक्षा थोडी कमीच रुंदी मिळते. खुर्चीतल्या एका पाहुण्याला दोन फूट धरले तर सहा पाहुणे बसतात, आणि नवरदेवाकडचे मामाच कधीकधी सहा असतात. त्याच जागेवरून १० मिलिमीटरची लेन्स बावीस फूट घेते, म्हणजे अकरा पाहुणे. वाइडचा सगळा खटाटोप या मधल्या पाच पाहुण्यांसाठी आहे.

इतिहास थोडक्यात असा. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा लहान सेन्सरमुळे जुन्या वाइड लेन्स एकाएकी वाइड राहिल्या नाहीत. निकॉनने २००३ मध्ये १२-२४ काढली, कॅननने २००४ मध्ये १०-२२, पुढे सिग्माची १०-२० आणि टोकिनाची ११-१६ आली. या सगळ्या चांगल्या होत्या आणि सगळ्या परवडत नव्हत्या. या प्रकारच्या माणसाला ते सोयीचे होते. अडचण २०१४ मध्ये आली. कॅननने १०-१८ बाजारात आणली: वजन २४० ग्रॅम, माउंट प्लास्टिकचे, हात हलला तर सांभाळणारा स्टॅबिलायझर आत बसवलेला आणि किंमत आधीच्या १०-२२पेक्षा बरीच कमी. निकॉननेही २०१७ मध्ये तशीच हलकी १०-२० काढली. तेव्हापासून ‘परवडत नाही’ हे कारण लंगडे पडले आणि त्याच्या जागी ‘अभ्यास चालू आहे’ हे कारण आले.

अभ्यासाचा पहिला विषय अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे भोक; आकडा लहान तितके भोक मोठे. उपवर मुलीसाठी स्थळ बघताना सरकारी नोकरी पाहिजे आणि शेतीही पाहिजे असा जो हट्ट असतो, तोच येथे असतो. लेन्स २.८ हवी, हलकी हवी, स्टॅबिलायझर हवा आणि स्वस्त हवी. टोकिनाची ११-१६ सगळीकडे २.८ उघडते, पण तिचे वजन अर्ध्या किलोच्या वर आहे आणि तिच्यात स्टॅबिलायझर नाही. कॅननची १०-१८ रुंद बाजूला ४.५पर्यंतच उघडते, म्हणजे २.८च्या तुलनेत तिच्यात येणारा उजेड अडीच पटींहूनही अधिक कमी. ती कमतरता स्टॅबिलायझर भरून काढतो असे सांगतात. ते निम्मे खरे आहे. फोटोग्राफरचा हात थरथरला तर स्टॅबिलायझर सांभाळतो, वरातीत मेहुणा थरथरत असेल तर तो काही करू शकत नाही.

या वादात एक गोष्ट राहून जाते. लग्नातले बरेच फोटो फ्लॅशवर निघतात, आणि फ्लॅश चालू झाला की २.८ आणि ४.५ यांतला तंटा बराच मिटतो. तिथे वेगळी अडचण उभी राहते, ती कुणीच अभ्यासलेली नसते. कॅमेऱ्याच्या कपाळावरचा फ्लॅश किट लेन्सच्या रुंदीपुरता उजेड फेकतो, १०पर्यंत पोचत नाही. परिणामी पाच जादा पाहुणे फोटोत येतात, पण अंधारात येतात. वर लावायच्या फ्लॅशच्या तोंडात एक पातळ दुधी पट्टी असते. ती बाहेर ओढून समोर पाडली की उजेड पसरतो. या पट्टीचा उपयोग विचारल्यास बहुतेक ठिकाणी ‘ती तशीच येते’ असे उत्तर मिळते.

निकॉनवाले हे या जमातीचे एक पोटकूळ आहे आणि ते जास्त सोसते. निकॉनची हलकी १०-२० ही एएफ-पी पद्धतीची असल्यामुळे डी९० किंवा डी३२०० यांसारख्या जुन्या बॉडीवर ती फोकसच करत नाही. टोकिनाच्या पहिल्या ११-१६ला स्वतःची फोकस मोटर नाही. डी९०च्या बॉडीत मोटर असल्याने तिथे ती चालते, डी३२००वर फोकस हाताने फिरवावा लागतो. सप्तपदीचे सातवे पाऊल संपेपर्यंत फोकस चौथ्या पावलावर असतो. हे सगळे लेन्स घेण्याआधी कळले तर अभ्यास म्हणतात, नंतर कळले तर अनुभव.

सेकंडहँडचा मार्ग हा या विषयातला सर्वांत रंगतदार भाग आहे. बरेच जण मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे जुन्या माउंटच्या लेन्स विकायला निघाल्या आहेत. विकणारा नांदेडचा, परभणीचा किंवा अकोल्याचा असतो, आणि व्यवहार बहुधा बसस्थानकावर होतो. लेन्स ‘घरगुती वापराची’ असते. तपासणीची रीत ठरलेली आहे. मागचे-पुढचे झाकण काढायचे, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरके बघायचे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आणि घेऊ नये. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नये. झूमची रिंग फिरवताना मधेच अडकते का ते बघावे. मुख्य परीक्षा म्हणजे भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा सरळ समोरून फोटो काढणे. एका कडेची अक्षरे ठसठशीत आणि दुसऱ्या कडेची पुसट आली तर आतली काच हललेली आहे. वाइडमध्ये हा दोष चटकन दिसतो. एवढे सगळे करून माणूस लेन्स परत देतो आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो. घरी विचारलेले नसते आणि विचारायचेही नसते.

पैशाचा हिशोब या जिल्ह्यात हळदीत होतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची मोठी आवक असते. भाव चढला की माणूस सिग्माच्या नव्या १०-१८ची, म्हणजे सगळीकडे २.८ उघडणाऱ्या आणि तरीही पाव किलोच्या आसपास वजन असलेल्या लेन्सची चौकशी करतो. ती मिररलेसची आहे आणि आपल्या बॉडीवर बसत नाही, ही बाब भाव चढलेला असताना गौण वाटते. भाव उतरला की तो पुन्हा बसस्थानकावर येतो. हळद पोत्यात राहते, कारण भाव अजून चढणार असतो. लेन्सचेही तेच.

‘वाइड कशाला पाहिजे’ या प्रश्नाला मांडव हे खरे उत्तर असले, तरी तो ते देत नाही. तो औंढ्याचे नाव सांगतो. नागनाथाचे मंदिर यादवकालीन, हेमाडपंती. खालच्या काळ्या दगडावर चहूबाजूंनी कोरीव काम आणि वर नंतरच्या काळातले पांढरे शिखर. गाभारा जमिनीखाली आहे आणि इतका लहान की वाकून उतरावे लागते. तेथे कॅमेरा काढून फ्रेम लावत बसणे मागच्या रांगेला मानवणारे नाही. राहिले बाहेरचे. वाइड लावून कॅमेरा वर उचलला की शिखर मागे कलंडते, कारण सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही. कॅमेरा सरळ धरला तर शिखर सरळ येते, पण खालचा निम्मा फोटो फरशीचा होतो. फरशी कापून टाकावी, हा सोपा तोडगा आहे.

अलीकडे दुसरे कारण मिळाले आहे, ते जास्त भक्कम आहे. औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या २६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. काटकोन म्हटल्यावर अभ्यासूंच्या अंगात आले. कोपऱ्यावर उभे राहून दोन्ही भुजा एका फोटोत घ्यायच्या तर आडवे ९० अंश हवेत. किट लेन्स १८वर साधारण ६४ अंश देते. कॅननवर १०ची लेन्स ९६ देते, निकॉनवर टोकिनाची ११ सुमारे ९४. निकॉनच्या मिररलेससाठी २०२३ मध्ये आलेली १२-२८ मात्र ८९ अंशांवर थांबते आणि एका अंशाने वेधशाळा हुकते. चहाच्या टपरीवर ही लेन्स या एकाच मुद्द्यावर बाद झालेली आहे. चार किलोमीटरवरची दहा मीटर उंच इमारत १०च्या लेन्सने चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत उण्यापुऱ्या सात ठिपक्यांची दिसेल, आणि त्या कोपऱ्यावर कॅमेरा घेऊन कुणाला उभे करतील की नाही, हे मुद्दे अजून चर्चेला आलेले नाहीत.

लेन्स उसनी मिळते तेव्हा या माणसाचा स्वभाव उघडा पडतो. त्याची समजूत अशी की वाइड म्हणजे लांब उभे राहून सगळे घेणे. आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते, ती सेनगाव, औंढा या भागातून जाते. हा रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबाखाली उभा राहतो आणि १०वर फोटो काढतो. फोटोत खाली डांबर, वर आभाळ आणि मधे पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे वारकरी. ही लेन्स दोन-तीन फुटांवर जाऊन वापरायची असते. जवळचे फार मोठे आणि लांबचे फार लहान करणे हा तिचा गुण. टाळकऱ्याच्या हातापाशी कॅमेरा नेला तर टाळ मोठे येतात, मागे दिंडी पार वळणापर्यंत दिसते, आणि बघणारा त्या गर्दीत असल्यासारखा वाटतो. वसमतकडे उकडून वाळत घातलेल्या हळदीशी गुडघे टेकून बसले तर तीच करामत होते. पण जवळ जायचे म्हणजे अनोळखी माणसाला ‘काका, काढू का एक’ असे विचारावे लागते. किट लेन्सवर मागे सरकणे सोपे असते, भिंत काही विचारत नाही.

मांडवात मात्र जवळ जाण्याचे दुष्परिणाम होतात. १०वर कडेची माणसे आडवी ताणली जातात; मधला माणूस जसाच्या तसा राहतो, कडेचा फुगतो. म्हणून सडपातळ लोक कडेला बसवावेत असा साधा नियम आहे. तो हिंगोलीत पाळता येत नाही, कारण मधली जागा मानाने ठरते आणि कडेच्या खुर्च्या उशिरा आलेल्यांना मिळतात. उशिरा येणारे पंगतीवरून आलेले असतात. आल्बम घरी गेल्यावर याचा फोन येतो. जाणकार फोटोग्राफर म्हणून १०ला हात लावत नाहीत, १३ किंवा १४वर ठेवून थोडे मागे जातात आणि कडेला रिकामी जागा सोडून ती नंतर कापतात.

जिल्ह्याच्या गरजेपुरते बोलायचे तर जुन्या कॅनन बॉडीला १०-१८ पुरेशी आहे. नव्या आर माउंटवाल्यांना, म्हणजे कॅननच्या मिररलेसवाल्यांना, २०२३ मध्ये आलेली त्याच आकड्यांची दीडशे ग्रॅमची लेन्स आहे, तीही रुंद बाजूला ४.५चीच. घेणारे थोडे असतात, पण असतात. पहिला आठवडा घरातली प्रत्येक खोली १०वर काढण्यात जातो आणि दोन खोल्यांचे घर फोटोत वाड्याएवढे दिसते. भाडेकरू शोधणाऱ्या शेजाऱ्यांकडून मागणी येते. मग जुन्या १०-१८साठी ६७ मिलिमीटरचा फिल्टर येतो. पोलरायझर घेतला असेल तर आभाळाचा एक कोपरा गडद निळा आणि बाकीचे फिके येते, कारण एवढ्या रुंद आभाळावर त्याचा परिणाम सारखा होत नाही; तो परत जातो. शेवटी हूडचा प्रश्न उरतो. कॅननच्या या लेन्सच्या खोक्यात हूड येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. कंपनीचा घ्यावा की डुप्लिकेट, याची चौकशी नांदेडला करून ठेवलेली असते.